कॅथरीन स्पेन्स आणि एका वृत्तपत्राचा नकार

आज ज्या बाईंविषयी बोलायचं आहे, त्यांना स्वतःला मताचा अधिकार नव्हता. आणि मतदानाची पद्धत कशी बदलावी, हे त्यांना वर्तमानपत्रातून लोकांना सांगायचं होतं. कॅथरीन हेलन स्पेन्स. जन्म १८२५, स्कॉटलंडमध्ये. १८३९ पासून मुक्काम दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या अ‍ॅडलेडला. वडील तिथल्या नगरपालिकेचे पहिले टाउन क्लार्क. १८४० च्या त्या पहिल्या पालिका निवडणुकीत एक वेगळी तरतूद होती : पुरेसे मतदार एकत्र आले, तर ते एकमताने आपला एक नगरसेवक पाठवू शकत. ही कल्पना रोलंड हिल यांची. तेच, पेनी पोस्टवाले.

१८५९ मध्ये ‘फ्रेझर्स मॅगझिन’मध्ये जॉन स्टुअर्ट मिलचा लेख आला. त्यात थॉमस हेअरच्या योजनेचं स्वागत होतं. ही योजना आपल्याला अगदीच परकी नाही. राज्यसभेच्या किंवा विधान परिषदेच्या निवडणुकीत आपले आमदार १, २, ३ असे पसंतीक्रम देतात, कोटा ठरतो, जादा मतं पुढच्या पसंतीकडे जातात. त्याच घराण्यातली ही पद्धत. अल्पमतात असलेल्यांनाही सभागृहात आपला माणूस मिळावा, हा तिचा गाभा. मिल वाचून स्पेन्सबाई भारावून गेल्या.

त्या वेळी मेलबर्नच्या ‘द आर्गस’साठी अ‍ॅडलेडची वार्तापत्रं त्याच लिहीत, नाव मात्र भावाचं, जॉनचं. म्हणजे स्तंभ हाताशी होता. हा विषय त्यांनी तिथे मांडायचं ठरवलं, तर उत्तर आलं की आमचं पत्र बहुमताच्या प्रतिनिधित्वाला बांधलेलं आहे. लेखन बरं-वाईट, हा प्रश्नच नव्हता.

आता बघा, यातला तर्क मला फार बोलका वाटतो. अल्पमताला सभागृहात जागा द्या, असं म्हणणारा लेख नाकारला का, तर तो पत्राच्या भूमिकेत बसत नाही म्हणून! एक मतदारसंघ, एक विजेता, बाकीच्यांनी घरी बसावं. संपादकीय पानाचाही हाच न्याय. तरी मी म्हणेन, कारण सांगून दिलेला नकार बरा. लेख टेबलाच्या खणात पडून राहतो, त्यापेक्षा नक्कीच.

मग त्यांनी पुस्तिका लिहिली : ‘अ प्ली फॉर प्युअर डेमॉक्रसी’, १८६१. लेखकाच्या जागी फक्त सी. एच. एस. ही आद्याक्षरं. गावात फारशी हालचाल झाली नाही; पण इंग्लंडला गेलेल्या प्रती हेअर आणि मिल यांनी वाचल्या, वाखाणल्या, आणि १८६५ च्या प्रवासात बाई दोघांनाही भेटल्या. अ‍ॅडलेडच्या ‘रजिस्टर’ची दारं नियमित लेखनासाठी उघडली ती पुढे, १८७८ च्या सुमारास.

छापील शब्दावर विसंबून भागत नाही म्हणून सत्तरीकडे झुकलेल्या बाई १८९२ पासून गावोगाव फिरल्या. सभेतच मतपत्रिका वाटायच्या, श्रोत्यांकडून पसंतीक्रम घ्यायचे, मोजणी करून दाखवायची. स्तंभात जे चार परिच्छेदांत समजावणं कठीण, ते अर्ध्या तासात लोकांच्या हाताखालून जायचं.

१८९४ मध्ये दक्षिण ऑस्ट्रेलियात स्त्रियांना मताधिकार मिळाला. १८९७ ला संघराज्याची घटना लिहिणाऱ्या अधिवेशनासाठी स्पेन्सबाई उभ्या राहिल्या. ऑस्ट्रेलियातली ही पहिली स्त्री-उमेदवार. जागा दहा, उमेदवार तेहतीस. सात हजारांहून अधिक मतं पडली, क्रमांक बाविसावा. पद्धत जुनीच : प्रत्येक मतदाराला दहा नावं, आणि सर्वाधिक मतांचे पहिले दहा आत.