मृगयेतील गंध व आमिष : पालघर परिसराच्या संदर्भात

पालघर, बोईसर व तारापूर हा टापू १ ऑगस्ट २०१४ पर्यंत ठाणे जिल्ह्यात मोडत होता. येथील शिकारीवरील निर्बंधांचा इतिहास म्हणजे प्रथम मुंबई राज्याच्या १९५१ च्या वन्यपशुपक्षी संरक्षण कायद्याचा व पुढे १९७२ च्या केंद्रीय अधिनियमाचा इतिहास होय. चितळ, सांबर वा भेकर यांस गंधद्रव्याने जवळ ओढणे हे आमिष ठरते काय, असा प्रश्न अमेरिकेत वारंवार निघतो, कारण तेथे परवान्याने हरणांची शिकार चालते. आपल्याकडे त्याचे उत्तर निराळ्या वाटेने शोधावे लागते.

१९७२ च्या अधिनियमाच्या सतराव्या कलमात शिकारीच्या निषिद्ध पद्धती सांगितल्या होत्या. मारलेल्या सावजावर परतणाऱ्या हिंस्र श्वापदाची रात्री शिकार करण्यास विशेष परवानगी मिळू शके. मात्र क्षारचाटणीच्या जागी, पाणवठ्यावर किंवा तिकडे जाणाऱ्या वाटेवर हरणास मारण्याची मनाई होती. तहानेने वा मिठाच्या ओढीने आलेल्या जनावरावर दबा धरू नये, हा त्यामागील विवेक स्पष्ट दिसतो. गंधद्रव्य हे क्षार नव्हे, पाणीही नव्हे. तेव्हा परवानाधारकाने दिवसा गंध वापरला असता, तर क्षारचाटणी व पाणवठ्याविषयीच्या या मनाईच्या शब्दांत तो सापडला नसता. १९९१ च्या दुरुस्तीने शिकारच बंद झाली आणि हे कलमही गळाले.

खरी गुंतागुंत त्यानंतरची आहे. १ एप्रिल २००३ पासून अमलात आलेल्या दुरुस्तीने ‘शिकार’ या संज्ञेच्या व्याख्येत ‘बेटिंग’ हा शब्द घातला. इंग्रजीत त्याचे अर्थ दोन : आमिष दाखवणे, आणि बांधलेल्या जनावरावर कुत्री सोडून त्यास छळणे. कुत्र्यांकरवी पाठलाग व बंदिस्त प्राणी यांचा उल्लेख त्याच वाक्यात असल्याने दुसरा अर्थही संभवतो. मराठीत ‘आमिष’ असा एकच शब्द योजून ही अडचण झाकणे योग्य नव्हे. मारण्याच्या वा पकडण्याच्या हेतूने गंध पसरणाऱ्यास या संदिग्धतेचा लाभ नाही, कारण तसा प्रत्येक प्रयत्न व्याख्येत शिकारच गणला आहे. परंतु तुंगारेश्वरसारख्या अभयारण्यात स्वयंचलित कॅमेऱ्यापुढे गंध ठेवू इच्छिणाऱ्या संशोधकाचा हेतू निराळा असतो. पहिला अर्थ धरल्यास तोही शिकारी ठरेल. दुसरा धरल्यास ठरणार नाही.