एसएसडीची कुळकथा

डेस्कटॉप म्हातारा झाला, रांगायला लागला, की सगळे प्रोसेसरला नावं ठेवतात. दहा-बारा वर्षांपूर्वीचा चांगला प्रोसेसर घरच्या कामाला आजही पुरतो. अडवते ती हार्ड डिस्क.

या डिस्कचं घराणं १९५६ सालचं. आयबीएमच्या सॅन होजे इथल्या प्रयोगशाळेत घडलेल्या रामॅक यंत्रात २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्या एकाच दांड्यावर फिरत, आणि सगळ्यांत मिळून सुमारे ५० लाख अक्षरं मावत. पुढे तबकड्या आक्रसल्या, क्षमता लाखोपटींनी वाढली, पण फिरणं काही सुटलं नाही. मिनिटाला ७,२०० फेरे घेणाऱ्या तबकडीवरची हवी ती जागा हेडखाली यायला सरासरी अर्धा फेरा, म्हणजे ४ मिलिसेकंदांहून थोडा जास्त वेळ जातो. हेड त्या रुळावर सरकायला लागणारा वेळ वेगळाच. विंडोज सुरू होताना हजारो बारीक तुकडे असे इथून तिथून गोळा करावे लागतात आणि प्रोसेसर तोवर हात बांधून बसतो.

न फिरणाऱ्या साठ्याचं, म्हणजे एसएसडीचं (सॉलिड स्टेट ड्राइव्ह), बीज १९६७ साली बेल लॅब्जमध्ये पडलं. डावॉन कांग आणि सायमन झी यांनी ट्रान्झिस्टरच्या आत, चहूबाजूंनी विद्युतरोधक थराने वेढलेली एक तरंगती फाटक-पट्टी (फ्लोटिंग गेट) कल्पिली. तिच्यात कोंडलेले इलेक्ट्रॉन वीज गेली तरी जागचे हलत नाहीत. या कल्पनेवर तोशिबातल्या फुजिओ मासुओका यांनी फ्लॅश मेमरी उभी केली. १९८४ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या परिषदेत त्यांनी ती जगापुढे मांडली आणि १९८७ मध्ये तिचा नँड हा प्रकार आणला. आजच्या जवळजवळ प्रत्येक एसएसडीत तोच असतो. एवढं देणाऱ्या माणसाला मोबदल्यासाठी आपल्या जुन्या कंपनीविरुद्ध २००४ मध्ये कोर्टात जावं लागलं. २००६ मध्ये ८ कोटी ७० लाख येनवर तडजोड झाली. ज्या शोधावर अब्जावधींचा धंदा उभा राहिला, त्याच्या मानाने ही रक्कम मला फार तोकडी वाटते.

मात्र या कुळातलं सगळ्यात शहाणपणाचं पाऊल मला १९९१ सालचं वाटतं. एली हरारी, कानपूरमध्ये जन्मलेले संजय मेहरोत्रा आणि जॅक युआन यांच्या सनडिस्कने (पुढची सॅनडिस्क) आयबीएमसाठी २० मेगाबाइटचा फ्लॅश साठा बनवला. किंमत सुमारे हजार डॉलर, आकार मात्र अडीच इंची हार्ड डिस्कचा. फ्लॅशचा स्वभाव अडचणीचा: लिहायचं पानापानाने, पुसायचं मात्र अख्ख्या गठ्ठ्याने, आणि दर वेळी पेशी थोडी झिजते. हा सगळा संसार आतली कंट्रोलर चिप सांभाळते आणि संगणकाला डिस्कच्याच भाषेत उत्तरं देते. पाहुण्याने घरची रीत पाळली, म्हणून घर बदलावं लागलं नाही. २०१० सालच्या मदरबोर्डला आजची साटा जोडणीची एसएसडी बिनतक्रार लागते, ती त्यामुळेच.

सामान्य ग्राहकाच्या आवाक्याकडे एसएसडी २००८ मध्ये इंटेलच्या ८० जीबी एक्स२५-एमपासून सरकू लागली. पुढच्याच वर्षी आलेल्या विंडोज ७ ने ट्रिमची सोय दिली. कोणते गठ्ठे आता निकामी झाले, हे एसएसडीला कळू लागलं आणि तिचा वेग टिकू लागला.

जुन्या डेस्कटॉपसाठी अडीच इंची साटा एसएसडीच घ्यावी. जुना बोर्ड साटा-२ चा असला तर कमाल वेग निम्म्यावर येतो, पण खरा लाभ विखुरलेले तुकडे पटकन सापडण्यात आहे आणि तो पुरेपूर मिळतो. कार्ड लावून एनव्हीएमई प्रकारची एसएसडी बसवायचा मोह टाळावा. जुनी बायॉस बहुधा त्यावरून सुरूच होत नाही. बायॉसमध्ये साटासाठी एएचसीआय मोड निवडलेला आहे का, ते विंडोज टाकण्याआधी पाहावं. जुनी डिस्क चालू असेल तर फोटोंसाठी आतच राहू द्या, फक्त त्यांची दुसरी प्रत बाहेर कुठेतरी ठेवा. आणि चांगला चालता डेस्कटॉप भंगारात देण्याआधी एवढा एक खर्च करून बघाच.