नांवें ठेवलेलें संगीत

नव्या कलेला नांव देणें आणि तिला नांवें ठेवणें या दोन क्रिया पुष्कळदां एकाच वेळीं घडतात. १८७४ सालीं पॅरिसमधील एका टीकाकारानें थट्टेनें योजलेला 'इम्प्रेशनिस्ट' हा शब्द पुढें चित्रकलेच्या इतिहासांत मानाचा ठरला. इंग्लंडांतील ज्या वाद्यवृंदाची हकीकत आम्ही येथें सांगणार आहों, त्याच्याहि वाट्याला असेंच एक थट्टेचें नांव आलें.

'स्लोडाइव्ह' हा वाद्यवृंद १९८९ सालीं लंडनच्या पश्चिमेस असलेल्या रेडिंग येथें स्थापन झाला. नील हॉलस्टेड व रेचेल गॉस्वेल हे त्यांतील दोघे गायक लहानपणापासूनचे स्नेही. विशीच्या उंबरठ्यावर असतांनाच 'क्रिएशन' या स्वतंत्र ध्वनिमुद्रण-संस्थेनें त्यांना आश्रय दिला, व १९९० च्या अखेरीस त्यांची पहिली ध्वनिमुद्रिका निघाली.

त्यांच्या संगीताचा प्रकार असा: विजेच्या गिटारचा स्वर पायाजवळच्या लहान लहान यंत्रांतून नेला म्हणजे त्याला प्रतिध्वनि, कंप आणि घुमारा प्राप्त होतो. असे अनेक स्वर एकमेकांत मिसळून त्यांची जणुं भिंतच उभी करावयाची, व कंठस्वर त्या भिंतीपुढें न आणतां तिच्यांतच विरघळूं द्यावयाचा. शब्दांपेक्षां नादाला येथें महत्त्व अधिक. स्कॉटलंडच्या 'कॉक्टो ट्विन्स' या मंडळीनें ही वाट आधींच्या दशकांत पाडली होती; तिच्या स्वप्निल सुरावटीला 'ड्रीम पॉप' म्हणूं लागले. वाजविणाऱ्यांची नजर रंगमंचावर त्या यंत्रांकडे, म्हणजे जवळजवळ स्वतःच्या जोड्यांकडेच, लागलेली असे. म्हणून पत्रकारांनीं या तरुणांना 'शूगेझर', अर्थात् जोड्यांकडे टक लावणारे, हें नांव दिलें.

टीका अगदींच निराधार होती असें आम्हीं म्हणणार नाहीं. शब्द कळत नाहींत, एक गाणें दुसऱ्यापासून ओळखूं येत नाहीं, ही तक्रार या पंथाच्या सामान्य अनुयायांपुरती खरी होती. परंतु ती सर्वांच्या माथीं सरसकट मारण्यांत आली. शिवाय हीं सुखवस्तु मध्यमवर्गीय घरांतील मुलें, यांना दुःख तें काय ठाऊक, असाहि हेटाळणीचा सूर तींत मिसळला. कलेची परीक्षा कलावंताच्या घरावरून करण्याचा हा प्रकार कोणत्याहि देशांत अन्यायाचाच होय.

१९९३ सालीं निघालेल्या 'सुव्लाकी' या संग्रहांतील दोन गाण्यांना ब्रायन ईनोसारख्या मान्यवर संगीतकाराचें साहाय्य होतें. तरी इंग्लंडांतील पत्रांनीं त्याचा कठोर समाचार घेतला. वाराहि फिरला होता. अमेरिकेच्या 'निर्वाना'नें १९९१ सालींच तरुणांचीं मनें जिंकलीं होतीं, आणि पाठोपाठ इंग्लंडांत सुस्पष्ट शब्दांच्या, रोखठोक 'ब्रिटपॉप'ची लाट आली. 'क्रिएशन'नें १९९२ सालीं आपला जवळजवळ अर्धा हिस्सा 'सोनी' कंपनीस विकला आणि पुढील वर्षीं 'ओएसिस'ला जवळ केलें. १९९५ सालीं 'पिग्मॅलिअन' हा तिसरा संग्रह निघाला, आणि लवकरच संस्थेनें 'स्लोडाइव्ह'शीं संबंध तोडला. वृंद मोडला, त्यांतील तिघांनीं 'मोहावे थ्री' या नांवानें अधिक सौम्य, लोकगीतांच्या वळणाचा मार्ग धरला.

गोष्ट येथेंच संपावयाची. पण जुन्या ध्वनिमुद्रिका ऐकल्या जातच होत्या. २०१४ सालीं ही मंडळी बार्सिलोनाच्या महोत्सवांत पुन्हा एकत्र उभी राहिली. २०१७ सालीं, बावीस वर्षांच्या खंडानंतर, त्यांचा नवा संग्रह आला. आणि २०२३ मधील संग्रह तर इंग्लंडांतील खपाच्या यादींत पहिल्या दहांत गेला. 'शूगेझ' हा शब्द आज नवे वृंद स्वतःहून मिरवितात.

काळ अखेर न्याय करतोच, असा निष्कर्ष मात्र आम्हांस काढवत नाहीं. त्याच टीकेखालीं जे मिटले ते मिटलेच; त्यांची दाद कोणीं घेतली? आणि ज्यांना न्याय मिळाला त्यांच्याहि उमेदीचीं वीस वर्षें परत आलीं नाहींत. नव्या सुरांना हंसण्यापूर्वीं ते एकदां पुन्हा ऐकावे, एवढेंच आम्हांस सुचवावयाचें आहे.