ग्लासातला कोंबडा आणि न दिसणारा मासा

अमेरिकेतल्या डेन्व्हर शहरात विनकूप नावाची ब्रुअरी आहे. तिने २०१२च्या एक एप्रिलला एक व्हिडिओ टाकला : वळूचे वृषण घालून केलेली बिअर! तिकडे हा पदार्थ 'रॉकी माउंटन ऑयस्टर', म्हणजे डोंगरातली कालवं, या थट्टेच्या नावाने खातात. व्हिडिओ एप्रिल फूलचा होता, पण लोक मागणी करू लागले. मग त्याच वर्षी ब्रुअरीने खरोखरच २५ पौंड वृषण कापून, भाजून काळ्या स्टाउटमध्ये घातले. २०१४मध्ये आइसलँडच्या स्टेडी ब्रुअरीने तिथल्या हिवाळी मेजवान्यांसाठी देवमाशाची भुकटी घातलेली बिअर आणली. पुढच्या वर्षी मेंढीच्या लेंड्यांवर धुरावलेले देवमाशाचे वृषण आले. देवमासे वाचवू पाहणाऱ्या संघटना चिडल्या, जगभर बातम्या झाल्या.

'कलियुग' म्हणून पुढे स्क्रोल करण्याआधी साडेतीनशे वर्षं मागे जाऊ.

सर केनेल्म डिग्बी हा इंग्लंडचा दरबारी आणि रॉयल सोसायटीच्या सुरुवातीच्या सदस्यांपैकी एक. त्याच्या मृत्यूनंतर, १६६९मध्ये, त्याने जमवलेल्या पाककृतींचं पुस्तक निघालं. त्यात 'कॉक एल' आहे. आठ गॅलन एल घ्यायची. एक कोंबडा चांगला उकडून, मनुका, खजूर, जायफळ आणि जायपत्रीबरोबर खलात कुटायचा. त्यात शेरीसारखी गोडसर वाइन ओतून हे सगळं एलमध्ये सोडायचं. सहा-सात दिवस झाकून ठेवायचं, मग बाटल्या भरायच्या आणि महिन्याने प्यायचं. १७२७च्या एलायझा स्मिथच्या पुस्तकातही कॉक एल आहे. ती सांगते, कोंबडा जितका म्हातारा तितका चांगला.

यात विचित्र कुणालाच वाटत नव्हतं. आजाऱ्याला आपण कोंबडीचं सूप देतो, तोच हा विचार. एल हे रोजचं पेय, कोंबडा म्हणजे ताकद. पुरुषी जोम वाढतो, असाही या पेयाचा लौकिक होता.

पुढे बिअर घरातून कारखान्यात गेली आणि कोंबडा मागे पडला. प्राणी मात्र बिअरमधून गेला नाही, तो फक्त दिसेनासा झाला. गढूळ बिअर लवकर नितळावी म्हणून इंग्रज ब्रुअर 'आयसिंग्लास' वापरत. म्हणजे माशाच्या पोटातली हवेची पिशवी, वाळवलेली. तिच्यातलं कोलॅजन यीस्टच्या कणांना धरून तळाशी बसतं. रशियातून येणारं स्टर्जन माशाचं आयसिंग्लास महाग पडे. म्हणून वाफेच्या यंत्रांवर काम करणाऱ्या विल्यम मर्डॉकने १७९५मध्ये कॉड माशापासून स्वस्त पर्याय काढला.

ही गोष्ट आपल्या किनाऱ्यालाही लागते. कंपनी सरकारच्या सेवेत राहिलेल्या जॉन फोर्ब्स रॉयलने १८४२मध्ये हिंदुस्थानच्या किनाऱ्यावरच्या आयसिंग्लासवर एक आख्खं पुस्तक लिहिलं. मुंबईहून माशांच्या या पिशव्या चीनला जातच होत्या. रशियन मालाऐवजी हा माल युरोपात चालेल का, हा त्याचा प्रश्न होता. या पिशवीला आपल्याकडे 'भोत' म्हणतात. घोळ माशाला आजही लाखांत भाव येतो, तो या भोतामुळे. म्हणजे पालघरच्या कोळणीला जे ठाऊक असतं, ते पबमध्ये बसलेल्या शाकाहारी माणसाला ठाऊक नसतं.

गिनेसने आयसिंग्लास सोडायचं जाहीर केलं ते २०१५मध्ये. तोवर कितीतरी शाकाहारी लोकांनी तिचे ग्लास निःशंकपणे रिकामे केले होते. युरोपीय संघाच्या नियमांनुसार ॲलर्जीसाठी लेबलवर मासा नोंदवावा लागतो, पण बिअर-वाइन नितळ करायला वापरलेलं आयसिंग्लास त्याला अपवाद आहे. ते बहुतेक सगळं गाळासोबत निघून जातं, हे खरं. पण पथ्य पाळणाऱ्याचा प्रश्न किती उरलं एवढाच नसतो. काय वापरलं, हाही असतो.

वळूच्या बिअरने निदान डब्यावरच सगळं सांगितलं. नको असेल त्याला ती नाकारता आली. कॉक एल पिणाऱ्यालाही कोंबडा माहीत होता. नितळ सोनेरी ग्लासाने मात्र दोनशेहून अधिक वर्षं कुणाला काही सांगितलं नाही, आणि आपणही विचारलं नाही.