रिंगण आणि स्टेज

१ जुलै १९९८ ला नंदुरबार जिल्हा वेगळा झाला. तोवर अक्कलकुवा तालुक्यातलं काठी गाव आपल्या धुळे जिल्ह्यातच होतं. तिथली राजवाडी होळी तुमच्यापैकी काहींनी पाहिली असेल: डोक्यावर मोरपिसांचे टोप, कमरेला भोपळे नि घुंगरू, मोठमोठे ढोल, आणि होळीभोवती रात्रभर नाच.

तिबेटी गावांतही असाच एक नाच आहे, गोरशे. ‘गोर’ म्हणजे वर्तुळ. नाचणारेच गातात. १९५९ नंतर हजारो तिबेटी परागंदा झाले. त्यांची एक वसाहत आपल्याच महाराष्ट्रात, आजच्या गोंदिया जिल्ह्यात नोर्ग्येलिंगला आहे. गाव सुटलं, तरी नाच सोबत आला. त्याला माणसं तेवढी लागतात.

१९५९ मध्येच निर्वासितांनी आपल्या कला जपायला कालिंपाँगला संस्था काढली. त्यांना स्टेज गरजेचं होतं, हे मान्य. पण स्टेजवर रिंगण उघडतं, त्याची रांग होते, आणि एकमेकांकडे असलेली तोंडं प्रेक्षकांकडे वळतात. नाच वाचतो, पण गाव प्रेक्षक होऊन बसतं.

काठीला अजून गाव आहे, रिंगणही आहे. तिथे आपण मोबाइल उंचावून कडेला उभे राहतो. कोणी हात पुढे केला, तर आत शिरा. पाऊल चुकलं तरी चालतं.