उदमांजर : एका नांवाची कहाणी

रात्रीं कौलांवर पावलें वाजलीं आणि आढ्याशीं लांब शेपटीचा काळसर प्राणी दिसला, कीं घरांतील वडील मंडळी म्हणतात, "उदमांजर आलें." पण ह्या नांवाची फोड करूं लागलें म्हणजे नवल वाटतें. संस्कृतांत 'उद्र' म्हणजे पाण्यांतला प्राणी. त्यावरूनच पाणमांजराला मराठींत 'ऊद' म्हणतात. 'उदक' व इंग्रजी 'ऑटर' ह्या शब्दांशींहि त्याचें मूळचें नातें आहे. देवापुढें जाळावयाचा ऊद मात्र अरबींतून आलेला, अगदीं निराळा शब्द आहे. मग जो प्राणी झाडाच्या ढोलींत दिवस झोपून काढतो, त्यास हें पाण्याचें नांव कां मिळावें? लांबट अंग, आंखूड पाय व लांब शेपूट ह्यांच्या साम्यामुळें तें मिळालें असावें, असें आम्हांस वाटतें. 'मांजर' हेंहि खरें नव्हे. शास्त्रज्ञ ह्यास मांजरांच्या कुळांत न घालतां गंधमार्जारांच्या कुळांत घालतात.

ह्यावरून आपल्या पूर्वजांस हंसण्याचें मात्र कारण नाहीं. १७७७ सालीं पाल्लास ह्या निसर्गशास्त्रज्ञानें ह्या प्राण्यास उभयलिंगी अर्थाचें लॅटिन नांव दिलें; नर व मादी दोघांच्याहि शेपटीखालीं असणाऱ्या गंधग्रंथि त्या नांवाच्या मुळाशीं आहेत. ती चूक उघड झाली, तरी नांव अजून चालूच आहे. त्या मानानें सामान्य जनांचीं नांवें अधिक डोळस दिसतात. अंगाच्या वासावरून बंगाली लोक ह्यास 'गंधगोकुल' म्हणतात. ताडामाडांवर बांधलेल्या मडक्यांतील रस हा पितो, म्हणून इंग्रजींत ह्यास 'टॉडी कॅट' म्हणतात. आणि त्यांतील 'टॉडी' ही आपलीच ताडी होय.

चुकीचें नांव शब्दकोशांत पडून राहिलें तर कोणाचें बिघडत नाहीं. परंतु आपल्याकडे ह्याच प्राण्याला 'मसण्याऊद' असेंहि म्हणतात, आणि तेथें नांवाची चूक जिवावर बेतते. हा मसणांत फिरतो, पुरलेलीं प्रेतें उकरतो, अशी समजूत त्या नांवाबरोबर घरोघर पोंचते. आणि माळ्यावर दिसलेल्या जिवावर काठ्या पडतात. वस्तुतः ह्याचें मुख्य अन्न फळें. त्याच्या जोडीस किडे व उंदीर. फळांतील बिया ह्याच्या पोटांतून न मोडतां बाहेर पडतात व दूर रुजतात. जावा बेटांत ह्यास 'लुवाक' म्हणतात, आणि ह्याच्या विष्ठेंतून वेंचलेल्या बियांची कॉफी तेथें मोलानें विकली जाते. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें आपल्या देशांत ह्यास अभय दिलें आहे. पण कायद्याचें पुस्तक माळ्यापर्यंत पोंचत नाहीं, नांव पोंचतें.

नांव बदला, असें आमचें म्हणणें नाहीं. रूढ शब्द कोणाच्या आज्ञेनें बदलत नसतो. मात्र मुलांनीं "हें काय?" म्हणून विचारलें, म्हणजे नांवाबरोबर त्याचा खरा अर्थहि सांगावा. कौलांवरचा तो पाहुणा मसणांतून नव्हे, परसांतल्या पिकल्या पपईच्या वासानें आलेला असतो.