मत्स्यपेटींतील शेजार



गोड्या पाण्यांतील लोच जातीचे मासे आणि बोटाच्या पेराएवढ्या कोळंब्या एकाच कांचेच्या पेटींत नांदतील काय, असा प्रश्न मासे पाळणारांस हल्लीं वारंवार पडतो. प्रश्न नवा दिसला, तरी त्याचें मूळ १८४९ सालच्या लंडनमध्यें आहे.

त्या वर्षीं रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनशास्त्रज्ञानें बारा गॅलनांच्या काचपात्रांत दोन लहान सोनमासे व व्हॅलिसनेरिया नांवाची पाणवनस्पती ठेविली. वनस्पतीच्या प्राणवायूवर मासे जगावे व माशांच्या मळावर वनस्पती पोसावी, असा त्याचा हिशोब. हिशोब बरोबर होता, पण अपुरा होता. जुनीं पानें कुजूं लागलीं, पाणी गढूळ झालें, कांचेवर हिरवट थर चढला. तेव्हां त्यानें कांहीं पाणगोगलगायी आणून सोडल्या. त्यांनीं कुजकीं पानें व थर फस्त केला; वर त्यांचीं अंडीं माशांस खाद्य झालीं. हा वृत्तांत १८५० सालीं प्रसिद्ध झाला, आणि १८५३ सालीं लंडनच्या प्राणिसंग्रहालयांत सार्वजनिक मत्स्यालय उघडलें. संसार तारला तो गोगलगायीनें. तिची आठवण मात्र लोकांनीं ठेविली नाहीं.

उलट, ती फार वाढते म्हणून पुढें तीच उपद्रवी ठरली, व तिच्यावर सोडण्यास शिकारी सांपडला तो बोटिया वर्गांतील लोच. तळाशीं वावरणारा, मिशाळ, शंखांतून गोगलगाय ओढून खाणारा! यांतील एक पट्टेदार जात सी. आर. नारायण राव यांनीं १९२० सालीं तुंगा नदींतील नमुन्यांवरून वर्णिली. कृष्णेच्या खोऱ्यांत, आपल्या महाराष्ट्रांतही, ती आढळते. आज ती धोक्यांत आलेल्या जातींत मोडते.

सफाईचें रिकामें पद कोळंबीस मिळालें. जपानचे ताकाशी अमानो यांनीं आपल्या पाणबागांत शेवाळें खाण्यास एक कॅरिडिना कोळंबी सोडली, आणि त्यांचें नांव तिला कायमचें चिकटलें. तिच्यामागून चीन-तैवानकडील निओकॅरिडिना आली. लांबी जेमतेम अडीच-तीन सेंटिमीटर, रंग लालभडक.

आतां अडचण ध्यानांत येईल. तळ धुंडाळून कवचाचे जीव खाणें हा ज्याचा धर्म, त्याच्याच शेजारीं आपण कोळंबी बसवितों. आमच्या नातवानें गोगलगायींस कंटाळून चार पट्टेदार लोच आणले. पंधरवड्यांत गोगलगायी संपल्या. महिन्याभरांत तीस कोळंब्यांच्या सहा राहिल्या. हा सर्व इतिहास मला ठाऊक असून मीं त्यास आधीं सांगितला नाहीं, याची रुखरुख आहे.

निओकॅरिडिनाची मादी तीन-चार आठवडे अंडीं पोटाखालीं वागविते. पिलें जन्मतांच आईच्या रूपाचीं, परंतु दोनेक मिलिमीटरांचीं. तीं प्रथम जातात. मोठी कोळंबीही कात टाकल्यावर मऊ असते, तेव्हां तिचीही धडगत नसते. अमानोंची कोळंबी पांच सेंटिमीटरांपर्यंत वाढते, म्हणून बहुधा निभावते. पण तिचीं पिलें खारट पाण्यावांचून वाढत नाहींत, त्यामुळें पेटींत तिचा वंश चालत नाहीं. शेजार जमवावयाचाच असेल, तर जावा बेटावरून १८४६ सालीं वर्णिलेला, गांडुळासारखा कुहली लोच बरा. त्याचें तोंड लहान. तरीही पिलांस लपावयास दाट मॉस हवेंच.

नातवानें पट्टेदार लोच दुसऱ्या पेटींत हलविले आहेत. सहांपैकीं दोन कोळंब्यांच्या पोटाखालीं अंडीं दिसतात. कांचेवर परवां एक गोगलगाय फिरतांना आढळली. ती आम्हीं राहूं दिली.